हरवलेला पिकअप: एका रोजच्या हॅचबॅकची पाच आठवड्यांची नोंदवही

गाडी माझ्या भाच्याची. चार सिलिंडरचं १.२ लिटर पेट्रोल इंजिन, टर्बो नाही, पाच गिअर, कागदावर ८३ हॉर्सपॉवर आणि ११५ न्यूटन-मीटर टॉर्क. वय आठ वर्षं, मीटरवर ९२,००० किलोमीटर. दोन वर्षांपूर्वी त्याने ती जुनी घेतली, महिनाभरात १६ इंची अलॉय चढवले आणि तेव्हापासून रोज कामावर तीच नेतो.

फोनवर म्हणाला, "मामा, गाडी ओढतच नाही. ओव्हरटेक करायला गेलं की जीव टांगणीला लागतो. कोन फिल्टर मागवलाय, सायलेन्सर बघून ठेवलाय, आणि एक जण रीमॅप करून देतो म्हणतोय. आधी काय करू?"

"आधी काहीच बसवू नकोस. रविवारी गाडी घेऊन ये."

कोन फिल्टर म्हणजे कंपनीचा डबा काढून त्याजागी बसवायचा उघडा एअर फिल्टर, आणि रीमॅप म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम बदलणं. हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारण एवढंच की पहिल्यांदा गाडीत काही करू पाहणाऱ्या बहुतेकांची सुरुवात इथूनच होते. गाडी मंद वाटते, आणि ती मंद का झाली हे कळायच्या आधीच भागाचं खोकं घरी आलेलं असतं. या गाडीत आम्ही पाच आठवड्यांत जे केलं ते क्रमाने देतोय. एका वेळी एकच बदल केला आणि प्रत्येक बदलानंतर वेळ मोजली.

मोजायचं कसं

वाटण्यावर विसंबायचं नाही, हे पहिल्याच दिवशी ठरवलं. सायलेन्सरचा आवाज वाढला की गाडी पळतेय असं वाटतं. पेडल जरा दाबल्यावर गाडीने उसळी घेतली तरी तसंच वाटतं. कान आणि पाठ दोघंही फसतात.

म्हणून एकच माप धरलं: तिसरा गिअर, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, ४० ते ८० किलोमीटर वेगाला लागणारे सेकंद. शून्य ते शंभर मुद्दाम टाळलं. त्यात क्लच कसा सोडला आणि गिअर किती चपळाईने टाकला यावर एखादा सेकंद सहज इकडेतिकडे होतो, वर क्लच झिजतो तो वेगळाच. एकाच गिअरमधल्या मापात चालवणाऱ्याचं कसब आड येत नाही. रस्ता सपाट, सरळ आणि मोकळा निवडला. दोन्ही दिशांनी तीन-तीन फेऱ्या मारून सरासरी काढली, म्हणजे वारा आणि डोळ्यांना न दिसणारा चढ दोन्ही वजा होतात. टाकी अर्धी, गाडीत दोघंच. वेग मात्र गाडीच्या मीटरवरून नाही, जीपीएसवरून घेतला. त्याचं कारण पुढे चाकांच्या वेळी येईल.

पहिली सरासरी आली १०.६ सेकंद. या ताकदीच्या आणि वजनाच्या धडधाकट गाडीला हे अंतर साडेआठच्या आसपास कापता यायला हवं. म्हणजे इंजिनात नवी ताकद घालण्याआधी कंपनीने दिलेले दोन सेकंद कुठे गेले, हे शोधायचं होतं.

आधी गाडी होती तशी करणं

डिकी उघडली. पाण्याचे दोन कॅन, जुन्या टाइल्सचं एक खोकं, जिमची बॅग आणि त्यातले डंबेल्स, कुणाचा तरी मोडका पंखा. वजन केलं तर ४१ किलो. गाडी जेमतेम हजार किलोची, म्हणजे ४ टक्के. ८३ हॉर्सपॉवरच्या गाडीत ४ टक्के म्हणजे तीन हॉर्सपॉवरहून जास्त. इतकी वाढ बाजारातला कोणताही फिल्टर या इंजिनात देत नाही. टायरमधली हवा ३३ पीएसआय हवी होती, होती २६. डिकी रिकामी करून हवा भरल्यावर वेळ आली १०.३.

माझा पहिला संशय क्लचवर होता, आणि तो चुकीचा निघाला. चौथ्या गिअरमध्ये ५० वर असताना पूर्ण ॲक्सिलरेटर दिला. क्लच घसरत असेल तर टॅकोमीटरचा काटा वर पळतो आणि वेग मागे राहतो. इथे दोन्ही काटे एकत्र चढले. क्लच ठीक होता. पण त्याच फेरीत एक गोष्ट हाताला जाणवली: ३,००० आरपीएमच्या वर स्टिअरिंगमध्ये बारीक, अनियमित थरथर येत होती. गाडी मिसिंग करत होती, म्हणजे एखाद्या सिलिंडरमधलं पेट्रोल मधूनमधून पेटतच नव्हतं, आणि तेही फक्त जोर पडल्यावर. डॅशबोर्डवर चेक इंजिनचा दिवा मात्र लागलेला नव्हता.

ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, लावला. कोड पक्का झालेला नव्हता, पण पेंडिंगमध्ये पी ०३०३ बसलेला होता. पी ०३०० म्हणजे मिसफायर आहे पण सिलिंडर ठरलेला नाही. शेवटी तीन आला की तिसरा सिलिंडर. चारही प्लग काढले. या गाडीला साधे निकेलचे प्लग येतात, ते फार तर ३०,००० किलोमीटरपर्यंत चांगले. भाच्याकडे आल्यापासूनच गाडी ३८,००० चालली होती आणि त्याने ते एकदाही बदलले नव्हते. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घातला तर जिथे १.१ मिलिमीटर फट हवी तिथे १.४. मधल्या इलेक्ट्रोडच्या कडा धारदार हव्यात, त्या झिजून गोल झाल्या होत्या. प्लगला ठिणगीसाठी वीज देणाऱ्या कॉइलपैकी तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइलचं रबरी बूट मी दिव्याखाली फिरवून पाहिलं तेव्हा त्यावर एक केसासारखी काळी रेघ उभी उतरलेली दिसली. ठिणगी प्लगच्या फटीतून न उडता त्या रेघेवरून बाहेर लोखंडाकडे पळत होती.

हे फक्त जोरातच का होतं, ते भाच्याने विचारलं, आणि प्रश्न नेमका आहे. ॲक्सिलरेटर पूर्ण उघडला की सिलिंडरमध्ये हवा जास्त भरते, दाब वाढतो, आणि दाबाखालच्या फटीतून ठिणगी उडायला जास्त व्होल्टेज लागतं. हळू चालवताना जी फट कॉइलला पेलते ती ओव्हरटेकच्या क्षणी पेलत नाही. मग वीज सोपी वाट शोधते. म्हणजे गाडी नेमकी गरज पडली की तीनच सिलिंडरवर ढकलत होती.

प्लग बाहेर होतेच म्हणून गरम इंजिनावर कम्प्रेशनही, म्हणजे पिस्टन सिलिंडरमधली हवा किती दाबाने आवळतो तेही, तपासलं. चारही सिलिंडर १२ बारच्या आगेमागे, एकमेकांत फरक किरकोळ. ही सगळ्यात चांगली बातमी होती, कारण कम्प्रेशन गेलेल्या इंजिनावर बाहेरून काहीही लावणं म्हणजे गळक्या पिंपात पाणी ओतणं.

एअर फिल्टर राखाडी नव्हता, काळा होता. त्याबद्दल एक गैरसमज पक्का रुजलाय, की फिल्टर बदलला की ॲव्हरेज वाढतं. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये हे तपासलं होतं. कॉम्प्युटरवर चालणाऱ्या इंजेक्शनच्या गाड्यांमध्ये तुंबलेल्या फिल्टरमुळे ॲव्हरेजमध्ये लक्षात येण्याजोगा फरक पडला नाही, वेग घेण्याची क्षमता मात्र घटली. कारण सरळ आहे: हवा कमी आली की कॉम्प्युटर पेट्रोलही त्याच प्रमाणात कमी सोडतो. मिश्रण बिघडत नाही, फक्त ताकद कमी होते. आम्हाला तर ताकदच हवी होती.

नवे प्लग, एक कॉइल आणि कंपनीच्याच मापाचा साधा कागदी फिल्टर. वेळ: ९.४ सेकंद. इतक्या कमी कामात इतकी मोठी उडी पुढे परत मिळाली नाही.

डावं पुढचं चाक

हा भाग मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण इथे पिकअप आणि जीव दोन्ही एकाच पिनेवर अडकले होते.

ब्रेक शक्यतो न लावता वीस मिनिटं गाडी चालवली आणि थांबल्या थांबल्या इन्फ्रारेड थर्मामीटर चारही चाकांच्या डिस्कवर आणि ड्रमवर धरला. तीन चाकं ५० अंशांच्या आत. डावं पुढचं ९७. गाडी टेकूवर घेतली, न्यूट्रलमध्ये टाकली आणि हाताने चाकं फिरवली. उजवं पुढचं दोन फेरे फिरून थांबलं. डावं अर्ध्या फेऱ्यातच चिकटलं.

कॅलिपर, म्हणजे डिस्कवर पॅड आवळणारा ब्रेकचा भाग, उघडला. या प्रकारच्या कॅलिपरमध्ये पिस्टन एकाच बाजूला असतो. तो आतला पॅड दाबतो, आणि मग अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅड डिस्कवर आणतो. ब्रेक सोडला की त्याच पिनांवर तो मोकळा व्हायला हवा. खालच्या पिनेचं रबर फाटलं होतं, आत पाणी जाऊन गंज धरला होता, आणि पिन पान्याने पिळल्याशिवाय हलेना. आतला पॅड ३ मिलिमीटर उरलेला, बाहेरचा ७. दोन्ही पॅडच्या झिजेत एवढा फरक दिसला की पिन अडकलीय हे कॅलिपर न उघडताही ओळखता येतं. भाचा ते दोन पॅड शेजारी-शेजारी धरून बराच वेळ बघत राहिला.

"म्हणजे मी इतके दिवस ब्रेक लावूनच चालवत होतो?"

हो. आणि ब्रेक लावायची वेळ यायची तेव्हा ते चाक अर्धवटच धरायचं.

पिन घासून चालली नसती, गंजाने खड्डे पडले होते. दोन्ही बाजूंच्या पिना, रबरं आणि पॅड नवे घातले. पिनांना ब्रेकसाठीच असलेलं सिलिकॉन ग्रीस लावलं. साधं ग्रीस इथे चालत नाही, त्याने रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते. पॅड कंपनीच्या प्रतीचेच घेतले. रेसिंगचे पॅड ऐकायला भारी वाटतात, पण ते तापल्यावर नीट धरतात, आणि सकाळी घरातून निघालेल्या गाडीचा पहिला ब्रेक थंडच असतो.

ब्रेक ऑइल बदलल्याची नोंद गाडीच्या कागदांत कुठेच नव्हती. बाटलीतलं ऑइल चहासारखं तपकिरी झालेलं. डॉट ४ ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअस लागतो, आणि त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की ही अट १५५ वर येते. हे ऑइल हवेतला ओलावा स्वतःच ओढून घेतं, म्हणून ते न वापरताही जुनं होतं. लांब उतारावर डिस्क तापल्या, ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे झाले, की पेडल मऊ पडून खाली जातं. सगळं ऑइल काढून नवं भरलं, चारही चाकांच्या ब्रेकमधून हवेचे बुडबुडे काढले. मग मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगावरून दहा-बारा वेळा हळूहळू ब्रेक लावत, मध्ये थंड होऊ देत, नवे पॅड डिस्कवर रुळवले.

वेळ ९.० सेकंद. ९७ अंशांचं चाक ४८ वर आलं.

ज्या चाकांवर त्याचं प्रेम होतं

इथून पुढचं बोलणं अवघड होतं, कारण ते १६ इंची अलॉय त्याने स्वतःच्या पहिल्या पगारातून घेतले होते. माळ्यावर कंपनीची १४ इंची लोखंडी चाकं पडून होती. दोन्ही टायरसकट वजनकाट्यावर ठेवली: लोखंडी १३.६ किलो, अलॉय १८.२. अलॉय म्हणजे हलकं, असं सगळे धरून चालतात. पण दोन इंच मोठं आणि ओतीव असलं की अलॉयसुद्धा जड होतं. चार चाकांत मिळून १८ किलो वाढले होते. हे वजन डिकीतल्या वजनासारखं नाही. टायरच्या कडेवरचं एक किलो वेग घेताना दोन किलोसारखं वागतं, कारण ते पुढेही न्यावं लागतं आणि फिरवावंही लागतं.

शिवाय व्यास. मूळ टायर १७५/६५ आर १४, म्हणजे ५८३ मिलिमीटर उंच. अलॉयवरचा १९५/५० आर १६, म्हणजे ६०१. तीन टक्के उंच चाक म्हणजे प्रत्येक गिअर तीन टक्के लांब, आणि रस्त्यावर पोहोचणारा जोर तेवढाच कमी. गाडीचं मीटरही त्याच प्रमाणात खऱ्याहून कमी वेग दाखवायला लागतं. कंपन्या मीटर मुळात जरा जास्त वेग दाखवेल असंच ठेवतात, ती राखीव जागा या चाकांनी खाल्ली होती. म्हणून आम्ही वेग जीपीएसवरून घेत होतो.

सगळ्यात वाईट गोष्ट टायरच्या कडेवर छापलेली होती. चार आकड्यांचा कोड असतो, पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. २३१८ म्हणजे २०१८ चा २३ वा आठवडा. अलॉय टायरसकट जुनेच घेतले होते. नक्षी ३ मिलिमीटर शिल्लक होती, टायर गोटा झालेला नव्हता, त्यामुळे त्याला वाटत होतं की अजून वर्षभर चालतील. पण रबर नखाने दाबलं तर दबत नव्हतं. फरशीवर टिचकी मारल्यासारखा आवाज यायचा.

दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर कंपनीने दोन मापं दिली होती: १७५/६५ आर १४ आणि १८५/६० आर १४. दुसरं घेतलं. थोडं रुंद, ५७८ मिलिमीटर उंच, म्हणजे अलॉयच्या तुलनेत गिअर चार टक्के आखूड. टायर घेताना मी त्याला एकच आग्रह केला: ओल्या रस्त्यावर पकड चांगली असलेला घे, आणि दुकानात कडेवरचा कोड वाचूनच चढवून घे.

वेळ आली ८.५ सेकंद. पण इथे मला दुसरंच माप जास्त मोलाचं वाटतं. जुनी चाकं काढायच्या आधी आणि नवी बसवल्यावर, दोन्ही वेळा एका बंद, मोकळ्या काँक्रीटच्या आवारात परवानगी घेऊन ६० किलोमीटरवरून पूर्ण ब्रेक मारून अंतर मोजलं होतं. ब्रेक तेच, रस्ता तोच, फक्त टायर बदललेले. जुन्यांवर १८.९ मीटर, नव्यांवर १५.९. तीन मीटर ऐकायला थोडे वाटतात. पण हिशेब मांडला तर नव्या टायरवरची गाडी जिथे पूर्ण थांबली, त्या रेषेवर जुन्या टायरवरची गाडी अजून ताशी २४ किलोमीटरने पुढे सरकत होती. ब्रेक कितीही भारी लावले तरी शेवटी गाडीला थांबवतो तो टायर. एबीएस (चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) चालू होऊन पेडलला थरथर येते म्हणजे ब्रेकची ताकद पुरून उरली आणि टायरची संपली.

आणि आता ताकद

१०.६ वरून ८.५, एकही नवा हॉर्सपॉवर न घालता. तरी कोन फिल्टर खोक्यात होता आणि त्याचा हिरमोड करायचा नव्हता. शिवाय मलाही आकडा हवा होता. बसवला. आवाज खरंच छान झाला, पेडल दाबलं की बॉनेटखालून घोगरी गुरगुर यायची. भाच्याचा चेहरा फुलला.

वेळ ८.७.

स्कॅनरवर इनटेकचं तापमान बघत गाडी हळू रहदारीतून फिरवली. बाहेर ३३ अंश. कंपनीच्या डब्यात हवा पुढच्या जाळीमागून येते, तिथे ४३ दिसायचं. उघडा कोन इंजिनशेजारचीच हवा ओढत होता: ६१. हवा साधारण ३ अंशांनी तापली की एक टक्का विरळ होते. १८ अंश म्हणजे पाच-सहा टक्के कमी ऑक्सिजन, आणि गरम हवेत नॉकिंग (मिश्रण वेळेआधी आपोआप पेटून इंजिन ठोकणं) होऊ नये म्हणून कॉम्प्युटर ठिणगीची वेळही मागे घेतो. वेगात हा फरक कमी होतो, पण रहदारीतून सुटून ओव्हरटेक करायच्या वेळी तो भरपूर असतो, आणि तक्रार तर ओव्हरटेकचीच होती. कोन काढला, जुना डबा परत बसवला, वेळ परत ८.५.

थ्रॉटल कंट्रोलर नावाची डबी मिळते, तीही त्याच्या यादीत होती. ती पेडलचा इशारा मोठा करून पुढे पाठवते. अर्धं दाबलं की पाऊण समजतं. पूर्ण दाबल्यावर मात्र फरक शून्य, आणि आम्ही मोजत होतो ते पूर्ण दाबूनच.

सायलेन्सरचं म्हणाल तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या भागाच्या) मागचा पाइप बदलून इतक्या लहान इंजिनात हाती येतं ते फार थोडं, आणि कन्व्हर्टर काढून टाकायचा सल्ला देणाऱ्याकडे परत जाऊच नये.

रीमॅपवर आम्ही बराच वेळ बोललो, कारण तो नुसता फसवा प्रकार नाही. टर्बो असलेल्या इंजिनात हवेचा दाब किती ठेवायचा हे कॉम्प्युटर ठरवतो, म्हणून नुसता प्रोग्रॅम बदलून वीस-पंचवीस टक्के ताकद वाढू शकते. टर्बो नसलेलं इंजिन मात्र स्वतःच्या पोटाएवढीच हवा घेतं. १.२ लिटरचं इंजिन ६,००० आरपीएमला मिनिटाला फार तर ३,६०० लिटर हवा आत घेणार, आणि एक किलो पेट्रोल पुरतं जाळायला १४.७ किलो हवा लागते. हवा वाढल्याशिवाय पेट्रोल वाढवून उपयोग नाही. प्रोग्रॅममधून निघतात ते चार-पाच टक्के, तेही बहुतेक वेळा जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलवर आणि ठिणगी पुढे ओढून. विमा कंपनीला कळवावं लागतं ते वेगळं. त्याने ते स्वतःच वहीत लिहून काढलं: ५ टक्के म्हणजे ४ हॉर्सपॉवर, आणि त्यापुढे कंसात "डिकी".

अलॉय विकले नाहीत. कपड्यात गुंडाळून माळ्यावर ठेवलेत. पुढे कधीतरी हलके १५ इंची घ्यायचं म्हणतो, आणि ते घेताना वजनकाटा सोबत नेणार आहे.

आता काम उरलंय ते मागे. गाडी टेकूवर असताना उजव्या मागच्या शॉकअपच्या दांड्याखाली तेलाचा ओला ओघळ दिसला. बंपर जोराने दाबून सोडला तर ती बाजू एकदा वर येऊन थांबायला हवी, ती दोनदा-तीनदा झुलते. वळणावर मागची बाजू तरंगल्यासारखी वाटते म्हणायचा, ते हेच. शॉकअप जोडीनेच बदलायचे, म्हणून डावाही मागवलाय. "मामा, उघडणारच आहोत तर खाली बसवणाऱ्या आखूड स्प्रिंगा टाकूया का?" असं त्याने विचारून पाहिलं. कंपनीच्या शॉकअपवर आखूड स्प्रिंग टाकली की तो कायम अर्धा दबलेला राहतो, खड्ड्यात सरळ रबरी टेकणीवर आपटतो आणि वर्षभरात तेल सोडतो. स्प्रिंग जुनीच राहणार आहे.

शॉकअप शनिवारी येतील. जॅक आणि टेकू माझ्याकडे आहेत, टॉर्क पाना तो घेऊन येतोय.